करंट वाढवला की मसल जास्त जोरात आकसतो, मग ‘ऑल ऑर नन’चं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिजिऑलॉजीत शिकवतात की मसल ‘ऑल ऑर नन’ नियमाने चालतो, म्हणजे आकसला तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही, पण स्टिम्युलेटरचा, म्हणजे कातडीवरून करंट देणाऱ्या मशीनचा, नॉब फिरवला की मांडीचा मसल हळूहळू जास्त जास्त आवळत जातो, मग तो नियम गेला कुठे? दुसरं, मशीनने मसल दहा मिनिटांत दमतो तसा स्वतः हालचाल करताना का दमत नाही? आणि तिसरं, एका पेशंटचं पाऊल वर उचललं जात नव्हतं, त्याला करंट कितीही वाढवला तरी काहीच हाललं नाही, ते का?

तिन्ही प्रश्न चांगले आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. मी वीसेक वर्षं याच कामात आहे, आधी फिजिऑलॉजीची प्रॅक्टिकल्स घ्यायचो आणि नंतर नर्व्ह इंज्युरीचे पेशंट बघायला लागलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी, करंट मसलला ओढतो ही कल्पना डोक्यातून काढा. करंटचं काम फक्त निरोप द्यायचं. ओढायची ताकद मसलच्या आत आधीपासून तयार असते, एटीपी या पेशीच्या इंधनाच्या रूपात. दिव्याचं बटण तुम्ही हळू दाबा नाहीतर जोरात दाबा, उजेड तेवढाच पडतो कारण उजेडाची वीज बोटातून येत नाही, तसंच हे. अठराव्या शतकाच्या शेवटी लुइजी गॅल्वानी या इटालियन डॉक्टरने बेडकाच्या पायावर प्रयोग केले आणि 1791 मध्ये ते छापले, तेव्हा लोकांना हेच कळत नव्हतं की इतक्याशा विजेने मेलेल्या बेडकाचा पाय एवढा जोरात कसा उडतो, वीज बाहेरून आली की बेडकाच्याच अंगात होती. गॅल्वानी म्हणायचा अंगात आहे, त्याच्याच काळातला शास्त्रज्ञ व्होल्टा म्हणायचा धातूंमधून येते, आणि गंमत म्हणजे दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते. पण पाय हलवायची ताकद या दोन्ही विजांची नव्हती, ती त्या पायाचीच होती.

आता निरोप कसा जातो ते बघू. तुम्ही ठरवून पाय हलवता तेव्हा मेंदूकडून आलेला सिग्नल मणक्यातल्या मोटर न्यूरॉनपर्यंत, म्हणजे मसलला निरोप देणाऱ्या पेशीपर्यंत, येतो आणि तिथून नर्व्हमधून मसलकडे निघतो. (मराठीत आपण ‘नस’ म्हणतो ते रक्तवाहिनीलाही आणि नर्व्हलाही, त्यामुळे पेशंटशी बोलताना फार घोळ होतो, म्हणून मी इथे नर्व्हच म्हणतो.) मसलकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाड फायबरमधून (तंतूमधून) हा सिग्नल सेकंदाला साधारण 50 ते 100 मीटर वेगाने जातो. तो मसलपाशी पोचला की तिथे वायर जोडलेली नसते, मध्ये अगदी बारीक फट असते आणि ती वीज स्वतः उडी मारून ओलांडत नाही. नर्व्हच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते पलीकडे मसलच्या पडद्यावरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, तिथली दारं उघडतात आणि सोडियम आत घुसतं. हे सगळं एक मिलिसेकंदाच्या आसपास होतं. आणि लगेच एक एन्झाइम ते ॲसिटिलकोलीन तोडून टाकतं, नाहीतर एकाच निरोपाने मसल पुन्हा पुन्हा उडत राहिला असता.

इथे निसर्गाने हात सैल सोडलाय. एका सिग्नलला जेवढं ॲसिटिलकोलीन लागतं त्याच्या दोन-तीन पट सुटतं, म्हणजे निरोगी माणसात निरोप चुकायची सोयच नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात शरीर स्वतःच्याच रिसेप्टर्सवर हल्ला करतं आणि ही शिल्लक संपते, त्यामुळे सकाळी पापण्या ठीक असतात आणि संध्याकाळपर्यंत गळायला लागतात. तिथे मसलचं मशीन चांगलं असतं, प्रत्येक निरोप पोचत नाही एवढंच.

मग मसल फायबरचं, म्हणजे मसलच्या एकेका लांब पेशीचं, काय होतं? आराम करताना फायबरच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण उणे 90 मिलिव्होल्ट असते. सोडियम आत आलं की ती शून्याकडे सरकते, आणि एक ठराविक पातळी ओलांडली की मग थांबवता येत नाही, ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे विजेचा सिग्नल, सुटतं आणि फायबरच्या दोन्ही टोकांकडे पळत जातं. इथे लागू होतो तुमचा ‘ऑल ऑर नन’. पातळी ओलांडली तर पूर्ण सिग्नल, नाही ओलांडली तर काही नाही, पाऊण सिग्नल असा प्रकार नसतो. पण नीट वाचा, हा नियम एका फायबरच्या सिग्नलचा आहे. अख्ख्या मसलचा नाही. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात आणि मला वाटतं चूक मुलांची नाही, ‘मसल ऑल ऑर नन पाळतो’ असं वाक्य आपणच ढोबळपणे बोलत राहतो.

पुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. सिग्नल पळतोय फायबरच्या वरच्या पडद्यावरून, पण ओढणारी यंत्रणा तर आत खोलवर आहे, फायबर चांगला जाडजूड असतो, वरची बातमी आत काही मिलिसेकंदांत कशी पोचणार? त्यासाठी पडदाच जागोजागी आत बोटासारखा शिरलेला असतो, त्यांना टी ट्यूब्यूल म्हणतात. सिग्नल या बोळांतून थेट आत उतरतो. आणि त्या बोळाला अगदी खेटून कॅल्शियम भरलेल्या पिशव्या असतात, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. बोळाच्या भिंतीत एक प्रोटीन आहे जे व्होल्टेज ओळखतं आणि ते पिशवीच्या दाराला चक्क टेकलेलं असतं, व्होल्टेज बदललं की त्याचा आकार बदलतो आणि दार उघडतं. म्हणजे हा प्रकार रासायनिक कमी आणि यांत्रिक जास्त. हृदयात असं नसतं, तिथे बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावं लागतं आणि ते पिशवीतलं कॅल्शियम बाहेर काढतं, म्हणूनच कॅल्शियमची वाट बंद करणारी ब्लड प्रेशरची काही औषधं हृदयाचा जोर कमी करतात पण तुमच्या हातापायाची ताकद कमी करत नाहीत. हातापायाचा मसल बाहेरच्या कॅल्शियमशिवायही काही वेळ उडू शकतो, हे बेडकाच्या मसलवर 1972 मध्ये दाखवलं गेलं.

पिशव्या उघडल्या की फायबरच्या आतलं कॅल्शियम क्षणात दहापट, कधी शंभरपटीपर्यंत वाढतं. आता आत दोन प्रकारचे धागे असतात, जाड मायोसिनचे आणि बारीक ॲक्टिनचे. बारीक धाग्यावर मायोसिनने पकडायच्या जागा असतात पण त्यांच्यावर ट्रोपोमायोसिन नावाची दोरी आडवी पडलेली असते. कॅल्शियम त्या दोरीला जोडलेल्या ट्रोपोनिन या प्रोटीनला चिकटलं की ती दोरी बाजूला सरकते, जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनची डोकी लगेच पकडतात, मान वाकवतात आणि बारीक धागा मधल्या बाजूला ओढतात. एका झटक्यात फक्त 5 ते 10 नॅनोमीटर. मग त्या डोक्याला नवीन एटीपी मिळालं की ते सुटतं, पुन्हा ताठ होतं, पुढची जागा पकडतं. हे लक्षात ठेवा की एटीपी आधी सोडायला लागतं. एटीपी संपलं तर डोकी ढिली पडत नाहीत, उलट पकडूनच बसतात. माणूस मेल्यावर काही तासांनी शरीर ताठरतं ते यामुळेच, कॅल्शियम पिशवीबाहेर गळलेलं, ते परत भरायला पंपाला एटीपी नाही आणि डोकी सोडवायलाही एटीपी नाही, मग प्रोटीन्सच मोडायला लागेपर्यंत ते तसंच राहतं.

धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे आज शाळेच्या पुस्तकातही असतं पण 1954 पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या टीमनी, एकीकडे अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगेर्के, दुसरीकडे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन, हे ‘नेचर’च्या एकाच अंकात दाखवलं. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी काही नातं नव्हतं, मुलं हे हमखास विचारतात.

आता एवढ्याशा सरकण्याने पाय कसा हलतो? साधा हिशोब करा. या धाग्यांचा एक डबा, म्हणजे सार्कोमियर, साधारण अडीच मायक्रोमीटर लांब, म्हणजे 10 सेंटीमीटर लांब फायबरमध्ये असे 40 हजार डबे एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक डबा फक्त अर्धा मायक्रोमीटर आखूड झाला तरी फायबर 2 सेंटीमीटर आखूड होतो, आणि हाडाच्या तरफेमुळे पाऊल त्याच्या कितीतरी पट जास्त हलतं. मी हा हिशोब प्रत्येक बॅचला फळ्यावर करायला लावायचो, कारण नुसती नावं पाठ केली की या गोष्टी खऱ्या वाटतच नाहीत.

तर आता नॉबकडे येऊ. एक मोटर न्यूरॉन आणि तो ज्या ज्या फायबर्सना जोडलेला असतो ते सगळे मिळून एक मोटर युनिट. डोळा फिरवणाऱ्या मसलमध्ये एका न्यूरॉनकडे दहाच्या आसपास फायबर असतात, पोटरीत हजाराच्या वर. न्यूरॉनने सिग्नल दिला की त्याचे सगळे फायबर उडतात, काटकसर नाही. म्हणजे मसलला जोर कमीजास्त करायला दोनच रस्ते उरतात, किती युनिट बोलवायची आणि किती वेळा बोलवायची.

नॉबने, म्हणजे करंटची तीव्रता वाढवून, तुम्ही पहिला रस्ता वापरता. करंट कमी असताना कातडीवर लावलेल्या इलेक्ट्रोडजवळचे आणि जाड असे थोडेच नर्व्ह फायबर पातळी ओलांडतात. वाढवला की लांबचे आणि बारीकही ओलांडायला लागतात. प्रत्येक फायबर पूर्णच उडतोय पण उडणाऱ्यांची संख्या वाढत जाते म्हणून तुम्हाला वाटतं मसल हळूहळू जास्त आवळतोय. एका हद्दीनंतर सगळे आले की नॉब कितीही फिरवा, जोर तेवढाच राहतो, फक्त पेशंटला जास्त दुखतं. हे कधी प्रॅक्टिकलमध्ये बेडकाच्या मसलवर केलं असेल तर मसलची ओढ नोंदवणाऱ्या फिरत्या ड्रमवर रेघ वाढत वाढत जाऊन सपाट होताना दिसते. नियम मोडलेला नाही, आपण तो चुकीच्या जागी लावत होतो.

दुसरा रस्ता फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे सेकंदाला किती सिग्नल याचा, आणि इथे थोडा खोल विचार करावा लागतो. एका सिग्नलने फायबरला एक झटका येतो, ट्विच. सिग्नल संपतो 2 ते 5 मिलिसेकंदांत पण झटका टिकतो 20 पासून 200 मिलिसेकंदांपर्यंत, मसल कुठला त्यावर. म्हणजे झटका संपायच्या आत दुसरा सिग्नल पाठवता येतो, मग दुसरा झटका पहिल्यावर चढतो, आणि असे भराभर पाठवले की झटके एकमेकांत मिसळून सलग ओढ तयार होते, तिला टेटॅनस म्हणतात (धनुर्वातालाही इंग्रजीत हेच नाव आहे, तो आजार वेगळा, तिथे मणक्यातला लगाम सुटतो). सलग ओढीचा जोर एकट्या झटक्याच्या तीन-चार पट सहज असतो. का? सिग्नल तर तेवढाच होता, कॅल्शियमही पहिल्याच सिग्नलला बरंच सुटलं होतं. पण मसलच्या आत आणि टेंडनमध्ये (मसल हाडाला जोडणाऱ्या दोरीत) ताणल्या जाणाऱ्या, रबरासारख्या गोष्टी आहेत, त्यांचा ढिलेपणा आधी काढावा लागतो मग ओढ हाडापर्यंत पोचते. एका झटक्यात तो ढिलेपणा निघेनिघेपर्यंत पंपाने कॅल्शियम परत पिशवीत भरलेलं असतं. सिग्नल येत राहिले तर कॅल्शियम वरच राहतं आणि डोक्यांना पूर्ण ओढायला वेळ मिळतो. ‘ऑल ऑर नन’ सिग्नलला आहे, जोराला नाही, हे एकाच फायबरमध्येसुद्धा खरं आहे, आणि हे वाक्य समजलं तर निम्मा धडा समजला.

दमण्याचा प्रश्न यातूनच सुटतो. तुम्ही स्वतः मसल वापरता तेव्हा मणका आधी लहान न्यूरॉन लावतो, ज्यांचे फायबर हळू पण न दमणारे असतात, आणि जोर जास्त लागला तरच मोठे, लवकर दमणारे बोलावतो. हा क्रम एल्वुड हेनेमन या फिजिऑलॉजिस्टने दाखवला. शिवाय युनिट्स पाळीपाळीने काम करतात, एक थांबलं की दुसरं चालू, प्रत्येकाचा दर सेकंदाला 10-20 सिग्नल एवढाच असतो तरी ते वेगवेगळ्या वेळी उडतात म्हणून ओढ सलग वाटते. मशीनला हे काहीच येत नाही. मशीन त्याच त्या युनिट्सना, सगळ्यांना एकाच क्षणी, सेकंदाला 30 ते 50 वेळा ठोकतं, कारण कमी ठेवलं तर थरथर दिसते. पुस्तकात कधी कधी लिहिलेलं असतं की मशीन उलट्या क्रमाने, आधी मोठे मग लहान असं बोलावतं. माझ्या मते तसं साफ उलटंही नसतं, जे फायबर इलेक्ट्रोडच्या टप्प्यात आले ते आले, छोटे मोठे मिसळून, आणि त्यांना सुट्टी नसते. लवकर दमतो तो यामुळे. म्हणून मी फ्रिक्वेन्सी सलग ओढ येईल एवढीच ठेवतो, चालू वेळेपेक्षा बंद वेळ जास्त देतो, दमणाऱ्या मसलला सुरुवातीला पाचपट विश्रांतीसुद्धा, आणि शक्य असेल तर पेशंटला सांगतो की मशीन चालू झालं की तुम्हीही जोर लावा, म्हणजे वरून येणारा निरोपही चालू राहतो.

दमलं की लोक लगेच लॅक्टिक ॲसिडचं नाव घेतात. त्याला उगाच बदनाम केलंय. एटीपी पटकन भरून काढणारं क्रिएटिन फॉस्फेट तुटून जो फॉस्फेट साठतो तो डोक्यांचा जोर कमी करतो आणि कॅल्शियमची सुटकाही बिघडवतो, दमण्यात त्याचा वाटा बराच मोठा आहे.

आता तुमचा पाऊल न उचलणारा पेशंट. मला अगदी असाच एक आठवतो, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जिथे नर्व्ह हाडाला वळसा घालते तिथे मार लागलेला, पाऊल लोंबतंय, आणि एका ठिकाणी आठवडाभर त्याला नेहमीचं स्टिम्युलेशन देत होते, रोज करंट वाढवून. काही हालत नव्हतं आणि कातडी मात्र लाल. सेटिंग बघितलं तर पल्स, म्हणजे करंटचा एकेक ठोका, 300 मायक्रोसेकंदांची. तिथेच उत्तर होतं.

आपण ज्याला मसल स्टिम्युलेशन म्हणतो ते खरं तर नर्व्ह स्टिम्युलेशन असतं. 200 ते 400 मायक्रोसेकंदांची बारीक पल्स नर्व्हला पुरते कारण नर्व्ह पटकन पातळी ओलांडते, मसल फायबरचा पडदा तसा नाही, त्याला त्याच करंटला कितीतरी जास्त वेळ लागतो. निरोगी माणसात मसलवर इलेक्ट्रोड लावला तरी आधी उडतात त्या मसलच्या आत पसरलेल्या नर्व्हच्या फांद्या. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच फिजिऑलॉजिस्टने क्युरारे या विषाने हा फरक दाखवला होता, विष दिलेल्या बेडकाची नर्व्ह उत्तेजित केली तर काही नाही, पण मसललाच थेट झटका दिला तर तो आकसतो. म्हणजे विषाने मसल मेला नव्हता, मधली फट बंद झाली होती.

नर्व्ह तुटली तरी तुटलेल्या जागेच्या पुढचा तुकडा लगेच मरत नाही, काही दिवस त्याला करंट कळतो, त्यामुळे पहिल्या तीन-चार दिवसांत पेशंट स्वतः पाऊल हलवू शकत नाही पण मशीनने हलतं, आणि घरचे म्हणतात बघा नर्व्ह चांगली आहे. आठवड्याभरात तो तुकडा निकामी होतो आणि मग बारीक पल्सला काहीच उत्तर येत नाही. करंटचा आकडा वाढवून उपयोग नाही, वेळ वाढवावा लागतो. अशा मसलला मी 100 मिलिसेकंद किंवा त्याहून लांब पल्स देतो, आणि शक्यतो हळू चढणारी, त्रिकोणी आकाराची, कारण हळू चढणाऱ्या करंटशी शेजारच्या निरोगी मसलची नर्व्ह जुळवून घेते आणि उडत नाही, नर्व्ह तुटलेला मसल मात्र जुळवून घेऊ शकत नाही म्हणून तोच एकटा आकसतो. आणि तो कसा आकसतो ते बघण्यासारखं असतं, झटका येत नाही, कातडीखाली गांडूळ सरकावं तशी संथ लाट जाते. त्या पेशंटला तशी लाट दिसली तेव्हा दोन गोष्टी कळल्या, मसल जिवंत आहे आणि नर्व्ह नाही. मग लगेच त्याला नर्व्ह टेस्टसाठी आणि सर्जनकडे पाठवलं, कारण नर्व्ह दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते आणि मसल तिची वाट कायम बघत बसत नाही, वर्ष-दीड वर्ष निरोप आला नाही तर फायबर सुकून त्यांची जागा चरबी आणि तंतू घेतात.

तेव्हा तुमच्या पेशंटबाबत आधी हे बघा, मार लागून किती दिवस झाले, पल्स किती लांब होती, आणि दुसऱ्या, चांगल्या पायाला तेच सेटिंग लावून तिथे किती करंटला उत्तर येतं. चांगला पाय बारीक पल्सला टुणकन उडत असेल आणि हा लांब पल्सलाच संथ हालत असेल तर नॉब अजून वाढवू नका, कातडी भाजेल, सुन्न पायाला तर भाजलेलं कळतही नाही. ही माहिती लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे द्या, टेस्ट साधारण तीन आठवड्यांनी केली की चित्र जास्त स्पष्ट येतं, आणि तोपर्यंत पावलाला आधार देणारा स्प्लिंट बांधून घोटा आखडणार नाही एवढं रोज सांभाळा.